हरकतींचा मोसम

वैशाख लागला की शासनाला लोकांचं मत ऐकावंसं वाटू लागतं. बाकीचे अकरा महिने ही इच्छा त्याला सहसा होत नाही.

यंदाही नोटीस आली. पेपरच्या आतल्या पानावर, तळाशी. वर कुणीतरी लग्नानंतर नाव बदलल्याची जाहीर सूचना, खाली हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटची. मध्ये दोन बोटं रुंद चौकट: राज्याच्या जल, ऊर्जा व कृषी धोरणाचा सुधारित मसुदा प्रसिद्ध करण्यात येत आहे, नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना तीस दिवसांच्या आत लेखी स्वरूपात सादर कराव्यात, मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही. मुदतीत आलेल्यांचा विचार केला जाईल, असं चौकटीत कुठे म्हटलेलं नाही. नोटीस लिहिणारा माणूस निदान खोटं लिहीत नाही.

या दिवसांत शाळा बंद असतात, कोर्टांना सुट्टी असते, अधिवेशन उरकलेलं असतं. परळ-लालबागच्या चाळींत दर दोन खोल्यांआड कुलूप असतं, कारण माणसं कोकणात गेलेली असतात. ज्यांच्या जमिनीबद्दल मत हवं असतं ते त्या जमिनीवर असतात आणि मत मुंबईत द्यायचं असतं. हा योगायोग दर वेळी जमून येतो. इतक्या नेमाने फक्त आंबा येतो.

नोटिशीचं कात्रण कापताना चार वर्षांपूर्वीचा वैशाख आठवला. तो आठवतो तो आधी नाकाला.

लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत चैत्र-वैशाखात श्वास जपून घ्यावा लागतो. पोत्यांतून ओतलेल्या मिरच्या, भाजलेले धणे, आणि सकाळपासून एका लयीत मसाला कुटणाऱ्या डंकिणी. नवखा माणूस गल्लीत शिरला की शिंकतो, आणि दुकानदार त्याच्याकडे पाहतही नाहीत. त्या गल्लीच्या मागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, सुनंदा परब राहतात. सासरे गिरणीत होते, नवराही गिरणीत होता, आणि गिरणी होती तिथे आता काचेचा टॉवर आहे. त्या टॉवरमधल्या ऑफिसांत परबबाईंचे जेवणाचे डबे जातात. त्यांच्या खोलीतला प्रत्येक कागद लाल तिखटाचा वास घेऊन बाहेर पडतो. बँकेचं पासबुक, लग्नाची पत्रिका, लाइटबिल. शासनाला लिहिलेली हरकतसुद्धा.

ती हरकत पहिल्यांदा हातात आली तेव्हा मला शिंक आली होती.

त्या वर्षी मसुद्याचा पहिला अवतार निघाला होता. त्यातली एक गोष्ट समजून घेण्यासारखी होती, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. सह्याद्रीच्या माथ्यावर एक तलाव बांधायचा आणि पायथ्याशी एक. दुपारी उन्हाची वीज उरते, तेव्हा तिच्यावर पंप चालवून पाणी वर चढवायचं. संध्याकाळी शहर दिवे लावतं, तेव्हा तेच पाणी खाली सोडून वीज करायची. पाणी तेच ते फिरतं, संपत नाही, असं मसुदा अभिमानाने सांगत होता. मग ते पहिल्यांदा आणायचं कुठून, आणि उन्हात जे उडून जाईल ते दर वर्षी भरायचं कुठून? याचं उत्तर शेवटच्या परिशिष्टात होतं: 'उन्हाळ्यात वापरात नसलेले स्थानिक प्रवाह'. खाली खोऱ्यांची यादी. यादीत परबबाईंच्या माहेरचं खोरं होतं.

यादी करणारं कुणीही त्या खोऱ्यात उन्हाळ्यात गेलेलं नव्हतं. तशी गरजही नव्हती. सातबारावर पावसाळी भाताची नोंद होती आणि उन्हाळी पिकाच्या रकान्यात 'निरंक' होतं. तलाठी पीक बघायला येतो तो पावसाळ्यानंतर. उन्हाळ्यात तो येत नाही. तो आला नाही म्हणून पीक नाही, पीक नाही म्हणून पाणी वापरात नाही, पाणी वापरात नाही म्हणून ते शासनाचं. तीन पायऱ्यांत एक ओढा कागदावर आटवता येतो.

लोकांचं मत ऐकण्याचा कार्यक्रम दादरच्या एका सभागृहात झाला. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत इतका गारठा होता की पुढच्या रांगेतल्या बायका पदर खांद्यावरून ओढून घेत होत्या. प्रत्येक खुर्चीवर पाण्याची छोटी प्लास्टिकची बाटली ठेवलेली. पाणी वाचवण्याच्या चर्चेत जवळजवळ सगळ्यांनी ती अर्धी प्यायली आणि अर्धी तशीच टाकून दिली. पडद्यावर नकाशा आला. सल्लागार कंपनीचा एक तरुण, कोट घातलेला, लाल ठिपक्याचा दिवा नकाशावर फिरवत होता. तो लोकांना 'स्टेकहोल्डर' म्हणत होता. सभागृहात पर्यावरणवाले बरेच होते. बहुतेकांच्या खांद्याला कापडी पिशव्या, पिशव्यांवर झाडाचं चित्र. त्यांतल्या निम्म्यांना ही योजना मनातून आवडली होती. कोळसा नाही, धूर नाही. त्यांचा प्रश्न एवढाच होता की तलावाभोवती देशी झाडं लावणार का.

"लावणार," कोटवाला म्हणाला. "नक्कीच लावणार." टाळ्या पडल्या.

मागून एक बाई उठल्या. नऊवारी नाही, साधी गोल साडी, हातात डब्यांची रिकामी पिशवी.

"साहेब, ते निळं काय दाखवलंय?"

"ते खालच्या तलावाचं क्षेत्र, ताई."

"तिथे माझं भात आहे."

"पावसाळी भाताची भरपाई धोरणात धरलेली आहे."

"पावसाळी नाही हो. वायंगण. उन्हाळ्याचं भात. व्हाळाच्या, ओढ्याच्या पाण्यावरचं. परवाच कापून आले मी."

कोटवाल्याने शेजारच्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकाऱ्याने फाईल उघडली, पान उलटलं, मिटली. "रेकॉर्डला उन्हाळी पीक निरंक आहे," तो म्हणाला. "त्याची नोंद आहे का तुमच्याकडे?"

"नोंद कसली? भात आहे."

सभागृह हसलं. कुणाला हसलं ते सांगणं कठीण आहे. बाईंनी दोन्ही हात पुढे केले आणि त्यांची भाषा बदलली. "हे बघा. पात्याचे चरे अजून भरूक नाय. रेकॉर्डाच्या हाताक आसत काय असे?"

"आपलं म्हणणं लेखी द्या," अधिकारी म्हणाला. "नोंद घेऊ."

अशा सभांचं वृत्तांकन मी बरीच वर्षं केलं होतं, आणि 'नोंद घेऊ' हे वाक्य बातमीत कधी घ्यायचं नसतं हे मला ठाऊक होतं. त्यातून काही होत नाही, त्यामुळे ती बातमी होत नाही. त्या दिवशी मात्र बाहेर पडताना मी परबबाईंना ठाकूरद्वारच्या वाचनालयाचा पत्ता दिला. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

ठाकूरद्वारच्या एका वाडीत, देवळाच्या वरच्या मजल्यावर, हे वाचनालय आहे. दर शनिवारी दुपारी तिथे सरकारी मसुद्यांवर हरकती घेणारं आमचं मंडळ जमायचं, अजूनही जमतं. पंखा तेवढाच जुना आहे आणि त्याचा आवाज तेवढाच आहे. खालून घंटेचा नाद वर येतो, कापराचा वास येतो, आणि वर माणसं धोरणाच्या परिच्छेदांना उपपरिच्छेद जोडत बसलेली असतात. मंडळाचे चिटणीस वैद्यसर. गिरगावातल्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. अक्षर फळ्यावरच्यासारखं, सरळ आणि एका उंचीचं. अत्यंत प्रामाणिक माणूस. त्यांच्यावर रागावणं कठीण आहे, म्हणूनच हे लिहायला इतका वेळ लागला.

वैद्यसरांची श्रद्धा पोचेवर आहे. शासनाला पत्र द्यायचं तर दोन प्रती न्यायच्या. एक त्यांना, दुसरीवर आवक शिक्का मारून घ्यायचा, ती आपल्याला. ही पोच. वाचनालयातल्या लोखंडी कपाटात वर्षावार फायली आहेत, आणि फायलींत पोचा. खाडीच्या, खारफुटीच्या, टेकड्यांच्या, धरणांच्या. मधे मधे डांबरगोळ्या. एखादा नवा सभासद आला की सर कपाट उघडून दाखवतात, जसं कुणी पदकं दाखवतं. त्यांपैकी कुठल्या पत्राचं उत्तर आलं, असं मी एकदा विचारलं होतं. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "पण प्रत्येकाची पोच आहे."

त्या कपाटातल्या सगळ्या खाड्या बुजल्या आहेत. पोचा सुरक्षित आहेत.

परबबाई शनिवारी आल्या त्या डबे पोचवून. सोबत शाळेच्या वहीचे दोन कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेले, आणि पिशवीत कोकमाचं आगळ. "तुमच्यासाठी, मास्तर. पाण्यात घालून घ्या, उन्हाचं बरं." सरांनी दोन ग्लासांत पाण्यात आगळ घातलं, एक माझ्यापुढे सरकवला आणि कागद माझ्याकडे दिले. "जरा बघा. तुमचा हात चांगला आहे."

मी वाचले. शिंकून झाल्यावर पुन्हा वाचले.

त्यात काय होतं ते मला आज जवळपास तोंडपाठ आहे. पाऊस ओसरला की वाडीतली सगळी घरं मिळून व्हाळावर बांध घालतात. दगड, माती आणि आईनाचे टाळे, म्हणजे पानांसकट तोडलेल्या फांद्या. कुणी यायचं नाही असं चालत नाही. घरात माणूस नसेल तर मुंबईहून बोलवायचा. पाणी पाटाने कुणग्यांत येतं. कुणगा म्हणजे शेताचा लहान तुकडा, बांधबंदिस्तीचा. पाण्याची पाळी ठरलेली. कुणाची सकाळ, कुणाची दुपार. पौषात लावणी, वैशाखात कापणी. पहिल्या पुरात बांध वाहून जातो आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नाही, कारण तो वाहून जाण्यासाठीच घातलेला असतो. पुढच्या वर्षी पुन्हा. परबबाई दर पौषात पंधरा दिवस रजा घेतात, म्हणजे डबे बंद ठेवतात, आणि लावणीला जातात. कापणीला परत. मधले महिने धाकटा भाऊ बघतो. व्हाळाचं नाव रुमडाचा व्हाळ, कारण कडेला मोठा रुमड आहे. रुमड म्हणजे उंबर. त्याच्या मुळाशी उन्हाळ्यात पाणी कुठपर्यंत असतं, हे त्यांनी आपल्या गुडघ्याच्या मापाने लिहिलं होतं.

मजकुराला विषय नव्हता, संदर्भ क्रमांक नव्हता, परिच्छेदांना आकडे नव्हते. भाषा अर्धी शाळेतली, अर्धी घरची. शेवटी 'आपली नम्र' नव्हतं. 'खोटा वाटला तर येऊन बघा' असं होतं.

आता जे केलं ते सांगतो. मी ते संपादित केलं.

बातमीच्या टेबलावर शिकवलेल्या गोष्टी हाताला लागलेल्या असतात. विशेषण काढा. वाचकाला न कळणारा स्थानिक शब्द काढा. एका माणसाची हकिगत म्हणजे धोरण नव्हे, सर्वसाधारण करा. मी वायंगण काढलं आणि 'उन्हाळी पीक' घातलं. रुमडाचा व्हाळ काढला आणि 'स्थानिक जलस्रोत' घातला. बांध, पाळी, आईनाचे टाळे, गुडघ्याचं माप, सगळं मिळून 'पारंपरिक सामुदायिक जलव्यवस्थापन' झालं. चार पानांचे सात मुद्दे झाले. वैद्यसरांनी वाचलं आणि खूष झाले. "आता हे कुठल्याही खोऱ्याला लागू पडतं," ते म्हणाले.

ते खरं होतं. ते कुठल्याही खोऱ्याला लागू पडत होतं.

परबबाईंनी टाइप केलेला कागद हातात धरला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"माझा म्हणणा खंय गेला ह्याच्यात?"

"सगळं आहे त्यात, परबबाई," सर म्हणाले. "फक्त शासनाला कळेल अशा भाषेत."

"व्हाळाचं नाव नाही."

"नावाने काय होतंय? तत्त्व महत्त्वाचं. आणि हे बघा, आपण याच मजकुरावर सगळीकडून सह्या घेणार. गिरगाव, दादर, माहीम. तुमच्या एकटीचा आवाज राहणार नाही. शेकड्यांनी हरकती जातील."

"व्हाळ एकच आसा, मास्तर," त्या म्हणाल्या.

सर हसले. मीही हसलो. बाईंनी सही केली, कारण मास्तरांचा कागद स्वच्छ होता आणि आपल्या वहीला तिखटाचे डाग होते. असं त्यांनीच नंतर सांगितलं. वहीचे कागद माझ्या पिशवीत राहिले.

मग सह्यांचे दिवस. वैशाखाच्या त्या आठवड्यांसारखं सुख मंडळाला पुन्हा मिळालं नसेल. माहीमच्या कोळीवाड्याजवळच्या एका ख्रिस्ती कुटुंबाने चर्चमधून परतणाऱ्यांच्या सह्या गोळा केल्या. दादरला फुलबाजाराच्या कडेला टेबल मांडलं. बहाव्याची पिवळी फुलं टेबलावर गळत होती आणि लोक ती बाजूला सारून सही करत होते. कशावर सही करतो हे थोड्यांनीच वाचलं. एका आजोबांनी विचारलं, "पाण्यासाठी आहे ना? मग द्या. आमच्याकडे वरच्या मजल्याला पाणी चढत नाही." मंडळाच्या एका तरुण सभासदाने त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला. सरांनी त्याला डोळ्याने गप्प केलं.

दोन गठ्ठे झाले. टॅक्सीने नेले. आवक टपालाच्या खिडकीवर कारकुनाने गठ्ठ्यांकडे पाहिलं, वरच्या पत्रावर शिक्का मारला आणि प्रत परत दिली. सरांनी ती दोन्ही हातांनी घेतली. परतताना सगळ्यांनी गिरगावात पीयूष प्यायलं. मी बातमी दिली, तीन कॉलमची. 'धोरणाविरोधात हरकतींचा पाऊस' असं शीर्षक दिलं. पाऊस अजून महिनाभर लांब होता.

धोरण पुढच्या थंडीत अंतिम झालं. असं धोरण वाचायचं तर मागून वाचायला सुरुवात करावी. समोर छायाचित्रं असतात. शेवटच्या परिशिष्टात हरकतींचा तक्ता होता. आमच्या दोन गठ्ठ्यांची त्यात एक ओळ झाली होती. शेरा असा: 'समान मजकुराच्या हरकती एकत्रितपणे एक हरकत म्हणून विचारात घेण्यात आल्या. हरकतीत विशिष्ट स्थळाचा अथवा प्रवाहाचा उल्लेख नाही. सबब कार्यवाही निरंक.'

खोऱ्यांची यादी जशीच्या तशी होती.

या शेऱ्याचा तिरस्कार करायला मला आवडलं असतं. बराच काळ मी तो केला. असे शेरे लिहिणाऱ्या माणसांना मी ओळखतो. ते कुणाचं वाईट चिंतत नाहीत, ते संध्याकाळी घरी जातात, मुलांना पोहायला नेतात. ओढा म्हणजे काय हे त्यांना विचारलं तर व्याख्या सांगतील. लोकांना लेखी द्या म्हणायचं, लेखी आलं की त्याची ओळ करायची, ओळीपुढे निरंक लिहायचं. याला लोकसहभाग म्हणतात आणि याच्यावर परिषदा होतात. पण त्या एका शेऱ्यात चूक काढता येत नव्हती. उल्लेख नव्हताच. तो मी पुसला होता. शासनाला जे काम करायला एखादा कारकून लागला असता, ते मी शनिवारी दुपारी, फुकट, उत्तम मराठीत करून दिलं होतं.

लालबागला जाऊन सांगायचं काम माझ्याकडे आलं. वैद्यसरांना गुडघ्याचा त्रास होता. परबबाई पोळ्या लाटत होत्या. खाली डंकिणी चालू होत्या. मी शेरा वाचून दाखवला. त्यांनी लाटणं थांबवलं नाही.

"म्हणजे एवढ्या माणसांची मिळून एक?"

"हो."

"आणि त्या एकात मी नाय."

मी कागदाची घडी घातली.

"पेपरवाले भाऊ, एक सांगू? त्या हॉलात साहेब हसलो, त्याचा माका काय वाटूक नाय. तो परको. तुम्ही माझ्या घरचां आगळ पिऊन व्हाळ खोडलास." मग त्यांनी तव्यावरची पोळी उलटली. "जेवून जावा. डबो भरतंय."

मी जेवलो. नाही म्हणण्याची सोय त्यांनी ठेवली नव्हती.

त्यानंतरच्या दोन उन्हाळ्यांत खोऱ्यात माणसं आली. दुर्बिणी तिकाटण्यावर लावल्या, दगडांवर लाल रंगाने आकडे लिहिले. एक आकडा रुमडाच्या खोडावर आहे. वाडीने बांध घालणं थांबवलं नाही. मोजणीवाल्यांना वायंगणाच्या चिखलातूनच जावं लागे आणि बुटांचा चिखल ते व्हाळातच धूत. त्यांच्या अहवालात पीक नव्हतं. त्यांना उंची मोजायला पाठवलं होतं, पीक बघायला नाही. मग कुठेतरी पैशांची जुळणी अडली, योजना रेंगाळली, आणि आता सुधारित मसुदा आला. सुधारणा बहुतेक छायाचित्रांत आहे. परिशिष्ट तेच. यादी तीच. फरक एवढाच की यावेळी यादी कायम झाली की कामाला सुरुवात करण्याची मुभा आहे. पुन्हा मत विचारलं जाणार नाही.

परळला संध्याकाळी आता टॉवरच्या भिंती पेटतात. पूर्ण उंचीवर रंगीत दिवे, निळ्यातून जांभळ्यात, जांभळ्यातून गुलाबीत. त्यावर काही लिहिलेलं नसतं, काही विकायचं नसतं. भिंत फक्त रंग बदलते. हे साठवलेल्या विजेवर चालावं, म्हणजे हवा स्वच्छ राहील, असं धोरण म्हणतं. परबबाईंच्या गॅलरीतून ती भिंत दिसते. "आमचो व्हाळ हंय चढवतले," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या, आणि शेजारणीला जागा करून देण्यासाठी सरकल्या होत्या, जणू बघण्यासारखं काही आहे.

गेल्या शनिवारी मंडळ जमलं. वैद्यसर थकले आहेत, पण अक्षर तसंच आहे. त्यांनी नवा नमुना आणला होता. नऊ मुद्दे. "यावेळी सह्यांसोबत प्रत्येकाने एक ओळ स्वतःची लिहायची," ते म्हणाले. "म्हणजे समान मजकूर म्हणता येणार नाही." त्यांनी ती ओळही लिहून आणली होती.

तेवढ्यात परबबाई आल्या. थेट एसटी स्टँडवरून. पायाला अजून लाल माती. कापणीच्या दिवसांत त्या इथे कशा, हे विचारायच्या आत त्यांनी पिशवीतून वहीचा कागद काढला.

"द्या, बघू," सर म्हणाले, आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं.

"हात लावू नका हां," बाई म्हणाल्या. "दोघांनीही."

त्यांनी कागद उभ्याने वाचून दाखवला. रुमडाचा व्हाळ होता. बांध होता, पाळी होती, गुडघा होता. शेवट नवीन होता. बाकीचे सगळे कुणगे कापून झाले आहेत; व्हाळाच्या कडेचा एक ठेवला आहे. पिकलेलं भात मुद्दाम उभं ठेवलं आहे. उन्हाळ्यात पीक नाही असं ज्या साहेबांनी लिहिलं, त्यांनी येऊन बघावं आणि मग कापू.

सरांनी हातातला नवा नमुना खाली ठेवला.

"पण परबबाई, पिकलेलं भात उभं ठेवलं तर..." वैद्यसर विज्ञानाचे शिक्षक होते, त्यांना ठाऊक होतं.

"झडतला. झडताच आसा. भाऊ दिवसभर पोपट हाकलता."

सोमवारी मी त्यांच्यासोबत गेलो. फक्त सोबत. दक्षिण मुंबईतलं ते खातं, त्याचं नाव दर काही वर्षांनी लांबतं. आवक टपालाची खिडकी तीच, टेबलफॅन तोच, कारकून नवा. त्याने कागद घेतला आणि नाक चोळलं.

"वर विषय लिहिलेला नाही."

"काय लिवू?"

"धोरणाचं नाव लिहा. मसुद्यावर आहे ते."

बाईंनी खिडकीच्या फळीवर कागद टेकवला आणि सगळ्यांत वर मोठ्या अक्षरात लिहिलं: रुमडाचा व्हाळ.

"असं नाही चालत, मावशी. धोरणाचं नाव हवं."

"धोरण तुमचां. व्हाळ आमचो. मी आमच्याबद्दल लिवलंय."

मागे रांग होती. कारकुनाने रांगेकडे पाहिलं आणि शिक्का मारला. तो थोडा तिरका बसला. मग हात पुढे केला. "दुसरी प्रत द्या. पोच देतो."

"दुसरी नाय. पोच माका नको. वाचा."

वैद्यसर तिथे नव्हते, ते बरं झालं. कारकुनाचा हात तसाच पुढे होता. त्यात घालायला काही नव्हतं, म्हणून असेल, त्याने कागद उचलला आणि वाचू लागला. मोठ्याने नाही, पण ओठ हलत होते. गुडघ्याच्या मापाशी तो थांबला, पुन्हा मागे गेला. शेवटच्या ओळीशी आला.

"येऊन बघा म्हणजे? कोण येणार?"

"तां तुम्ही ठरवा," परबबाई म्हणाल्या आणि पिशवी खांद्याला लावली. संध्याकाळची गाडी होती. "पण बेगीन ठरवा. भात तुमची मुदत बघूचा नाय."